ताकद आली, पण वजनाचा अंदाज हरवला

मॅडम,
माझे मिस्टर (वय ४७) कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा व्यापार करतात. पोळ्याच्या दोन दिवस आधी रात्री घरी येताना त्यांच्या गाडीचा अपघात झाला. डोक्याला डाव्या बाजूनं मार लागला, आत रक्ताची गाठ झाली, ऑपरेशन झालं. वाचले हेच खूप. आता बोलतात, चालतात. उजवा हात आधी लुळा होता, त्यातही ताकद आली. डॉक्टर म्हणतात पॉवर चांगली आहे. पण तोच हात रोज काही ना काही करून ठेवतो. परवा रिकामा गंज (पातेलं) उचलला तर तो थेट कपाळावर आदळला. भरलेला जग अर्ध्यातून निसटला. टमाटर हातात घेतला की चिरडला जातो. फोनवर बोलता बोलता थैली हातातून सुटते आणि त्यांना कळतही नाही. भासरे (मिस्टरांचे मोठे भाऊ) म्हणतात, "याले काही झालं नाही, लक्षच देत नाही. किती किलो आहे विचारलं तर बरोबर सांगून राहिला, मग उचलाले काय होते?" हे ऐकलं की मिस्टर जेवणावरून उठून जातात. एक फळ हातात घेऊन ते आतून भरलेलं की पोकळ, हे सांगणारा माणूस आता चारचौघांत हात खिशात घालून बसतो. मृग बहाराचा माल सुरू होतो आहे. त्यांना मार्केटला पाठवू का? ताकद असून असं का होतं? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवला आहे.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

ताई,

आधी तुमच्या भासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण घरातला सगळा ताण त्या एका वाक्यावर उभा आहे. वजन बरोबर सांगणारा माणूस तीच वस्तू उचलताना चुकू शकतो का? हो, चुकू शकतो. वजन सांगणं आणि वजन उचलणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. एक शाबूत राहून दुसरं बिघडू शकतं. तुमचे मिस्टर नाटक करत नाहीत आणि दुर्लक्षही करत नाहीत. तुमच्या पत्रातलं एकेक उदाहरण मी नीट वाचलं. डोक्याला अशी इजा झाल्यावर हात जसा चुकतो, तसाच त्यांचा चुकतो आहे.

भासऱ्यांना पटवायला माझ्या शब्दांपेक्षा दोन डबे जास्त कामाचे. एक मोठा डबा घ्या, एक लहान. दोन्ही काट्यावर ठेवून तांदूळ कमी-जास्त करा आणि वजन अगदी सारखं करा, डब्यांसकट. मग भासऱ्यांना एकेक उचलायला सांगा. ते लहान डबा जड आहे म्हणतील. काट्यावर सारखं वजन दाखवा आणि पुन्हा उचलायला सांगा, तरी लहानच जड वाटेल. हा अनुभव फ्रान्समधल्या शार्पांतिये नावाच्या डॉक्टरांनी १८९१ साली लिहून ठेवला. यापुढची गोष्ट २००० साली फ्लॅनगन आणि बेल्ट्झनर या संशोधकांनी दाखवली. अशा दोन वस्तू पुन्हा पुन्हा उचलायला दिल्या की थोड्या वेळात बोटं शहाणी होतात आणि दोन्हींना सारखाच जोर लावू लागतात. तोंड मात्र "लहान जड आहे" असंच म्हणत राहतं. म्हणजे धडधाकट माणसाच्या बाबतीतही हात एक जाणतो आणि मन दुसरंच सांगतं. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत हे उलट झालं आहे. सांगणं ठीक आहे, पण हाताला जाणारा हुकूम चुकतो.

हा हुकूम कधी जातो, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आपल्याला वाटतं की आपण वस्तू उचलतो, मग वजन कळतं, मग जोर लावतो. प्रत्यक्षात जोर आधीच ठरलेला असतो. डोळ्यांनी गंज पाहिला, पितळी की जर्मनचा (अॅल्युमिनियमचा), भरलेला की रिकामा हे दिसलं, काल तो उचलला होता ते आठवलं, आणि बोटं टेकण्याआधीच मेंदूनं पकड किती आणि उचल किती हे ठरवून टाकलं. स्वीडनमधल्या उमिओ इथल्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली हे फार बारकाईनं मोजलं. त्यांना दिसलं की वस्तू वर ओढायचा जोर जसा वाढतो, तशी चिमटीची पकडही त्याच्यासोबत वाढत जाते. पकड निसटण्याच्या मर्यादेपेक्षा थोडीच जास्त असते, उगाच जास्त कधी नसते. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर आपण जास्त घट्ट धरतो, खरखरीत असेल तर सैल. आणि अंदाज चुकला, वस्तू सरकू लागली, तर बोटांच्या कातडीतल्या संवेदना मेंदूला कळवतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकड सुधारते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये डाव्या पॅरायटल भागाला इजा लिहिली आहे. कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेला हा भाग. डोळ्यांनी पाहिलेलं, हातानं जाणवलेलं आणि पूर्वीचं आठवलेलं इथे एकत्र येतं आणि हालचालीचा बेत ठरतो. हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा वेगळी आहे. तिला सुरुवातीला धक्का बसला होता म्हणून हात लुळा पडला, मग ती सावरली म्हणून ताकद आली. डॉक्टरांनी पॉवर तपासली, म्हणजे "माझा हात दाबा, मी ओढतो तसं धरून ठेवा" असं काहीसं केलं असेल. त्यात सगळा जोर लावायचा असतो, बेत लागत नाही. गंज उचलायला मात्र सगळा जोर नको, बरोबर तेवढाच हवा. तिथे गडबड आहे. रिकामा गंज भरलेला समजून उचलला तर तो वर उडणारच. भरलेल्या जगाला रिकाम्याचा जोर लावला तर तो अर्ध्यातून निसटणारच. तुमच्याआमच्या हातूनही हे कधीतरी होतं. फरक एवढाच की आपल्याकडे दुसऱ्या खेपेला चूक सुधारलेली असते. त्यांच्या हातात ती आठवण नीट टिकत नाही.

थैली सुटण्याचं कारण थोडं वेगळं असावं असं मला वाटतं. फोनवर बोलताना, म्हणजे नजर आणि मन दुसरीकडे असताना ती सुटते, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगी आहे. बोटांची संवेदना कमी झाली असेल तर वस्तू सरकतेय हे कळत नाही. मग माणूस डोळ्यांनी हातावर पाळत ठेवतो, नकळत. नजर हटली की पकड सैल होते. टमाटर चिरडणंही यातूनच येतं. सरकण्याची खबर मिळत नसेल तर मेंदू खबरदारी म्हणून जास्तच घट्ट धरायला लावतो. कोणी कितीही म्हणो की लक्ष देत नाही, हा माणूस एक पेला धरायला जेवढं लक्ष खर्च करतो, तेवढं आपण दिवसभरात करत नाही. म्हणूनच संध्याकाळी त्यांच्या हातून जास्त सांडत असेल. मेंदूच्या दुखापतीनंतर थकवा असाच येतो, आणि थकल्यावर हात आणखी चुकतो.

डोळे किती काम करू शकतात, याचं एक खरं उदाहरण सांगते. इंग्लंडमधले इयान वॉटरमन १९७१ साली, १९ वर्षांचे असताना एका आजारात मानेखालची स्पर्शाची आणि हात-पाय कुठे आहेत ते कळण्याची जाणीव गमावून बसले. त्यांचा आजार मज्जातंतूंचा होता, मेंदूचा नव्हता. स्नायूंत ताकद पूर्ण होती, तरी सुरुवातीला त्यांना उठून बसताही येईना. पुढे नुसत्या नजरेच्या जोरावर ते चालायला शिकले, वस्तू उचलायला शिकले. वस्तू हातात घेऊन हात किती हलतो ते डोळ्यांनी पाहून ते जड-हलकंसुद्धा ओळखत. डोळे मिटले की ती ओळख फारच बोथट व्हायची. तुमच्या मिस्टरांचं नुकसान यापेक्षा कितीतरी कमी आहे. नजर शाबूत आहे, आणि पुढचे काही महिने तिच्यावरच भिस्त ठेवायची आहे.

हे सदर इतरही लोक वाचतात, म्हणून थोडक्यात दोन गोष्टी. लकव्यानंतर ज्यांचा हात अजून कमजोर आहे, त्यांना त्या हातात प्रत्येक वस्तू जड वाटते, कारण आपण किती जोर लावतोय यावरूनही मेंदू वजन ठरवतो. पाव किलोची वाटी उचलायला जास्त जोर लागला की ती जड वाटणारच. आणि लहान मेंदूला इजा झाली तर ताकद फारशी न जाताही त्या बाजूच्या हातात वस्तू जड वाटू शकते. पहिल्या महायुद्धात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१७ साली हे नोंदवलं. तेव्हा "मेंदूला मार लागला" म्हटलं की सगळ्यांचा व्यायाम एकच, असं होत नाही. शेजारच्या काकांना सांगितलेला व्यायाम तुमच्या घरी लागू पडेलच असं नाही.

आता काय करायचं ते.

पहिलं म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला. आपल्या मेडिकलमध्येच (सरकारी मेडिकल कॉलेजात) हा विभाग आहे आणि तिथे या विषयाचं शिक्षणही दिलं जातं. खासगीतही चांगले लोक आहेत. तिथे नुसतं "हात कमजोर आहे" म्हणू नका. गंज, जग, टमाटर, थैली ही चारही उदाहरणं जशीच्या तशी सांगा. डोळे मिटून हातात नाणं, किल्ली, बटण देऊन ओळखायला लावतात, बोट वर केलंय की खाली ते विचारतात, चिमटीची पकड मोजतात. या तपासण्या झाल्या का ते विचारा. डाव्या हाताचीही तपासणी मागा. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांचा डावा, म्हणजे चांगला समजला जाणारा हातही नेहमीच्या वस्तूंचा जोर ठरवताना चुकतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. दोन्ही हातांवर एकदम विश्वास टाकण्याआधी हे कळलेलं बरं.

घरी करायचं ते मी सांगते, पण तपासणीनंतर थेरपिस्ट त्यात बदल करतील तर त्यांचं ऐका. एकसारख्या तीन स्टीलच्या बाटल्या घ्या, आतलं पाणी बाहेरून दिसणार नाही अशा. एकीत पाव लिटर, दुसरीत अर्धा, तिसरीत एक लिटर. टेबलावर जाड टॉवेल अंथरा. एकच बाटली आधी डाव्या हातानं उचलायची, लगेच तीच उजव्यानं. वीतभर वर, दोन-तीन सेकंद धरायची, हळूच खाली. असं पाच-सहा वेळा तीच बाटली. चांगल्या हातानं आधी उचलल्यावर दुसऱ्या हाताचा अंदाज सुधारतो, हे लकव्याच्या रुग्णांमध्ये पाहिलेलं आहे. मग दुसरी बाटली. आठवडाभरानं हात जरा बसला की बाटल्यांची अदलाबदल करा आणि उचलण्याआधी मोठ्यानं बोलायला लावा, "ही भरलेली", "ही हलकी". तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं म्हटलं की जोर ठरवताना त्याची मदत होते. ते वजन तोंडानं बरोबर सांगू शकतात ना? मग तोच शाबूत भाग हाताच्या मदतीला लावायचा. दहा-पंधरा मिनिटं सकाळी, तेवढीच दुपारी. चुका वाढू लागल्या की थांबायचं, रेटायचं नाही.

खाली ठेवण्याकडेही लक्ष द्या. बऱ्याच रुग्णांना उचलणं जमतं, पण सोडताना बोटं उशिरा उघडतात किंवा एकदम उघडतात. वस्तू टेबलाला टेकली, मग बोट सुटलं, असा क्रम मुद्दाम हळू करून घ्या. आणि एका वेळच्या सरावात फ्रिजमधली बाटली आणि माठातल्या पाण्याची बाटली मिसळू नका. थंड वस्तू जास्त जड वाटते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे नाण्यांवर पाहिलं होतं. शिकणाऱ्या हाताला असा जादा गोंधळ कशाला?

पकड हलकी करण्यासाठी कागदी ग्लास, कापसाचा बोळा, सोललेल्या संत्र्याची फोड असं काहीतरी द्या. चिरडू न देता, पण पडूही न देता धरायचं. टमाटर चिरडला तर चिरडला, भाजीत जाईल.

आणि ताई, खरा सराव त्यांच्या धंद्यातच आहे, तो विसरू नका. आपल्या संत्र्याची साल ढिली असते, त्यामुळे फळ दिसायला मोठं आणि आतून हलकं असू शकतं. आकार डोळ्याला एक सांगतो आणि रस हाताला दुसरंच. त्यांनी वर्षानुवर्षं आकार आणि वजन यांचा मेळ घालूनच पोकळ फळ बाजूला काढलं. त्याच वेबरनं दाखवून दिलं होतं की हाताला किती बारीक फरक कळतो ते मूळ वजनावर अवलंबून असतं. किलोभर वजनात साधारण २० ते ३० ग्रॅमचा फरक निरोगी हाताला जाणवतो, आणि फळाएवढ्या हलक्या वस्तूत तर काही ग्रॅमचाच. त्यांना तो सराव रोजचा. म्हणून सारख्या आकाराची चार-सहा फळं समोर ठेवा, एक भरलेलं, एक पोकळ असं मिसळून. त्यांनी उचलून सांगावं, मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पडताळावं. मेंदूच्या दुखापतीनंतर निरर्थक व्यायामापेक्षा स्वतःच्या आयुष्यातलं काम करताना माणूस जास्त मन लावतो, हे मी माझ्या कामात सतत पाहते. तुमचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना वहीत आकडे लिहायला बसवा. बाबा किती चुकले हे मोजायचं नाही. पोकळ फळ कितीदा बरोबर ओळखलं एवढंच लिहायचं.

घरात थोडी शिस्त लावा. वस्तू हातात असताना त्यांच्याशी बोलू नका, फोन देऊ नका. आधी ठेवू द्या, मग बोला. चालताना सामान डाव्या हातात किंवा खांद्यावरच्या झोल्यात, म्हणजे पकडीवर भार येणार नाही. गरम वरणाचा गंज, चहाचं भांडं, कुकर यांना सध्या त्यांनी हात लावू नये, आणि संवेदना कमी असेल तर भांडं तापलंय हे बोटांना उशिरा कळेल, हेही लक्षात ठेवा. मात्र सगळं काम हातातून काढून घेऊ नका. तुम्ही प्रेमापोटी प्रत्येक पेला पुढे करत असाल तर त्या हाताला शिकायला जागाच उरत नाही. न फुटणारी, खरखरीत बाहेरची भांडी त्यांच्या हाताशी ठेवा. गुळगुळीत ग्लासांना रबर गुंडाळलं तरी पकड सोपी होते.

गाडी चालवू देऊ नका. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर हे सगळं बरोबर तेवढ्याच जोराचं काम आहे, शिवाय डोक्याच्या अशा दुखापतीनंतर फिट येण्याचा धोका असतो. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे. आणि जर हात अचानक पुन्हा लुळा पडला, बोलणं अडखळलं, डोकं फार दुखून उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा फिट आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा.

ते जेवणावरून उठून जातात, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. मेंदूच्या दुखापतीनंतर मन खचणं, चिडचिड होणं हे फार आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. झोप, भूक, कशात रस वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं दिसलं तर हाताच्या तक्रारीएवढ्याच गांभीर्यानं डॉक्टरांना सांगा. भासऱ्यांनाही पुढच्या वेळी सोबत न्या. घरच्या थोरल्या माणसानं डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घरातली भाषा बदलते.

सहा महिने झाले, आता काय सुधारणार, असं कुणी म्हणेल. सुरुवातीच्या काही महिन्यांत सुधारणा वेगानं होते हे खरं, पण नंतर ती थांबते असं नाही. सरावानं हात पुढेही शिकत राहतो, वेग कमी होतो इतकंच. किती परत येईल ते मी इथून सांगू शकत नाही, थेरपिस्टही पहिल्या भेटीत सांगणार नाहीत.

आणि मार्केट? पाठवा. पण कुणीतरी सोबत नेऊन सोडावं. पहिले काही दिवस दोन तासच, सकाळी, हात ताजा असताना. कॅरेट उचलायचं नाही, ढिगावर चढायचं नाही, तोलाई काट्यावर आणि ती दुसऱ्यानं करायची. भाव, हर्रास (लिलाव), गिऱ्हाइकाशी बोलणी, उधारीचा हिशेब हे सगळं त्यांचं शाबूत आहे, ते त्यांनीच सांभाळावं. माल पाहताना फळ दोन्ही हातांत घ्यावं, नजर फळावर ठेवावी, आणि शंका आली तर सरळ कापून बघावं. मार्केटमधल्या दोन जवळच्या लोकांना आधीच सांगून ठेवा की उजव्या हातात सामान देऊ नका. दुपारी थकून परत आले तर त्या दिवशी बाटल्यांचा सराव नको. महिनाभरानं हात कसा आहे ते मला लिहा, आणि वहीतल्या फळांच्या नोंदीही सोबत पाठवा.